दुखणे अंगावर काढण्याविषयी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यसभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मांडवात रोगाची गोष्ट काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. आज गोडधोड खावे, जुन्या आठवणी काढाव्यात, पन्नास वर्षांच्या कृपेबद्दल परमेश्वराचे उपकार मानावेत, हे सारे यथायोग्यच आहे. आणि उपकारस्तुती तर सकाळच्या मिस्सात आपण सर्वांनी केलीच. परंतु या पुस्तिकेसाठी जुन्या नोंदवह्या चाळताना बाप्तिस्म्याच्या वहीबरोबर दफनाची वहीही आमच्या हाती आली. तीत ऐंशी वर्षांची नावे आहेत, तशीच चाळिशी-पंचेचाळिशीचीही आहेत. त्यांतील काही माणसे आज या मांडवात आपल्या नातवंडांस मांडीवर घेऊन बसू शकली असती, असे आम्हांस वाटते. म्हणून हा विषय.

आपल्या मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर तो नुसता शब्दप्रयोग नसून ती जगण्याची रीतच होय. कपाशीची वेचणी सुरू झाली की अंगात ताप असला तरी बाई ओटी बांधून वावरात जाते. कारण एक दिवस घरी राहिले तर एका दिवसाची मजुरी बुडते. या सोशिकपणाची थट्टा करण्याचा अधिकार छपराखाली बसून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यास नाही. सर्दी-पडसे अंगावर काढले तर चार दिवसांत आपोआप उतरते. परंतु सगळीच दुखणी अंगावर काढता येत नाहीत, आणि कोणती काढता येत नाहीत एवढेच आज सांगावयाचे आहे.

साध्या आजारांचे थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रक्त तपासून घ्यावे. हिवताप असेल तर त्यावर खात्रीचे औषध आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते फुकट मिळते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, वजन उतरू लागले, सायंकाळी बारीक ताप येऊ लागला, तर थुंकी तपासावी. क्षयरोग आजच्या काळात बरा होणारा आहे. मात्र थोडे बरे वाटताच औषध सोडणाऱ्याचा तो बरा होत नाही, आणि वर घरातल्या मुलांना लागतो. मधुमेह आणि रक्तदाब ही जोडी त्याहून लबाड. ती बहुधा दुखतही नाही, खुपतही नाही. डोळे, मूत्रपिंड आणि हृदय आतून पोखरून झाले की मग ओळख देते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा या दोहोंची तपासणी करावी.

फवारणीचे मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण तो घाव आपल्या जिल्ह्याचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, आणि तिच्यावर औषधे एकात एक मिसळून फवारली जात होती. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो इस्पितळांत दाखल झाले. या विषाची पहिली चाहूल साधी असते: गरगरणे, मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणे, दृष्टी अंधुक होणे. ऊन लागले असेल असे म्हणून माणूस सावलीत पडतो. आणि जे तास उपचारांचे असतात ते तसेच निघून जातात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या, श्वास घरघरू लागला, तर एक क्षणही दवडू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन इस्पितळ गाठावे. कोणते विष आहे हे कळल्यावाचून डॉक्टरास उपाय ठरविणे कठीण जाते. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, आणि फवारणीच्या हातांनी भाकर तर नाहीच, पण खर्राही खाऊ नये.

खऱ्र्याचे नाव निघाले, तेव्हा आता मुख्य विषयाकडे येतो.

कर्करोगाविषयी आपल्या मनात अशी समजूत आहे की, एवढा भयंकर रोग, तो दुखणारच. आणि दुखत नाही त्याअर्थी तो नव्हे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तोंडातील पांढरा डाग दुखत नाही. लाल डाग त्याहून धोक्याचा, पण तोही पुष्कळदा दुखत नाही. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग तर वर्षानुवर्षे काही कळूच देत नाही. वेदना होते ती रोग खोल गेल्यावर. म्हणजे ज्या काळात थोडक्या उपचाराने माणूस बरा व्हावा, तोच काळ आपण ‘दुखत तर नाही ना’ असे म्हणत घालवितो.

आपल्या विदर्भात मुखाच्या कर्करोगाचे मूळ शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ते पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळते. सुपारी, तंबाखू आणि चुना. पुष्कळ तरुण आम्हांस सांगतात, “फादर, आम्ही तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो.” त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे, तंबाखू असो वा नसो. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली, पुढे ती सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीवरही आली. त्या बंदीचे काय झाले हे आपण बाजारात पाहतोच. त्यावर आम्ही अधिक बोलत नाही. कायदा ठेला बंद करील, या आशेवर आपला गाल सोपवू नये, एवढेच म्हणतो. आणि हे केवळ पुरुषांचे नाही. सकाळी मिश्री लावणाऱ्या आयाबायांनी ‘आम्ही खर्रा कुठे खातो?’ असे समजून निर्धास्त राहू नये. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे.

आता खुणा सांगतो. तिखट भाजी पूर्वी चालत असे, आता तोंड जळते. ही पहिली खूण. गाल आतून ताठ, पांढुरके वाटू लागतात. आपलीच तीन बोटे जोडून उभी धरावीत आणि तोंडात जातात का पाहावे. जात नसतील, तर गालाच्या आतली कातडी आवळू लागली आहे असे समजावे. हा अजून कर्करोग नव्हे, परंतु त्याच्या अंगणात पाऊल पडलेले आहे. खर्रा सोडला तर आवळलेले सगळे सुटते असे नाही, तरी पुढचा नाश थांबविता येतो, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहिले तर बदल वेळीच कळतो. त्याखेरीज तीन आठवड्यांत न भरणारे फोड, न खरवडता येणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारणावाचून हलणारा दात, मानेतील गाठ, बसलेला आवाज, गिळताना अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांस दाखवावे. फोडावर मलम लावून, उष्णता झाली म्हणून सब्जाचे पाणी पिऊन तीन-तीन महिने काढणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत.

स्त्रियांच्या दोन रोगांविषयी व्यासपीठावरून एका धर्मगुरूने बोलावे काय, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले. आम्ही म्हणतो, बोलावे. कारण या लज्जेची किंमत बायका प्राणांनी देतात. पाळीव्यतिरिक्त रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, हे सासूला सांगून, शेजारणीला सांगून संपवावयाचे नाही. स्तनात गाठ लागणे, कातडीस खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, हेही तसेच.

आणि येथे आपल्याच महाराष्ट्राने जगास एक गोष्ट दाखवून दिली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. ज्या गावांत या विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झाली, त्या गावांत पुढील आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून याहून साधा प्रयोग झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. त्यांनी सौम्य व्हिनेगार लावून दर दोन वर्षांनी गर्भाशयाचे मुख पाहिले. बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. एवढ्यानेच मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच बायका स्तनही हाताने तपासत. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली दिसून आले. ना मोठे यंत्र, ना परदेशी तज्ज्ञ. दहावी शिकलेली बाई, थोडे व्हिनेगार, आणि तपासून घ्यावयास येणाऱ्या बायका. यांतील पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत.

या विषाणूविरुद्ध लस आहे, आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलींस ती सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम संस्थेची लस २०२३ पासून बाजारात आहे. आईबापांनी डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. लस घेतली तरी पुढे तपासणी सुटत नाही.

उपचारांविषयीची भीती हा एक निराळाच रोग आहे. ‘चाकू लागला की पसरतो’, ‘तुकडा काढला की भडकतो’, ‘हवा लागली की संपले’ अशी वाक्ये आम्ही पारावर ऐकली आहेत, तशी चर्चच्या पायरीवरही ऐकली आहेत. तुकडा काढून तपासल्यावाचून रोग कोणता हे ठरत नाही, आणि रोग ठरल्यावाचून औषध ठरत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार या तीन वाटा. लवकर आलेल्यास पुष्कळदा एकीवर भागते, उशिरा आलेल्यास तिन्ही तुडवाव्या लागतात आणि तरीही खात्री नसते. एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे करणाऱ्या घरांनी हे ऐकावे. भगताकडे, जडीबुटीवाल्याकडे जाऊन जो वेळ जातो, तो कोणीही परत देत नाही.

आता आमच्या स्वतःच्या कामाविषयी. आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे येते ते बहुधा श्वास लागल्यावर. आधी बोलाविले तर ‘आता हा मरणार’ असे घरच्यांना वाटते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणोन्मुखांचा नव्हे. म्हणून ‘अंतिम अभ्यंग’ हे नाव मागे पडून ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव रूढ झाले. शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाने आधी येऊन तो घ्यावा. डॉक्टर आणि धर्मगुरू या दोघांनाही आपण एकाच घटकेला, म्हणजे शेवटच्या घटकेला बोलावितो, हे आम्हांस बरे वाटत नाही. दुखणे सोसणे म्हणजे क्रूस वाहणे, असेही काहींचे म्हणणे असते. प्रभूने जो क्रूस दिला तो वाहावा. पानठेल्यावर दहा-वीस रुपये देऊन विकत घेतला त्यास आम्ही क्रूस म्हणत नाही. आणि वैद्याचा मान राखावा, त्यास परमेश्वरानेच निर्माण केले आहे, हे सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात आपल्याला केव्हाच सांगितलेले आहे.

ज्यांचा रोग आटोक्याबाहेर गेला, त्यांच्यासाठीही ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य उच्चारू नये. वेदना शमविणारी औषधे आहेत, जखमेची निगा आहे, सोबत आहे. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ नावाचे घर उघडले. शेवटच्या अवस्थेतील कर्करोग्यांसाठी असलेले ते भारतातील पहिले घर. धर्मभगिनी तेथे शुश्रूषा करतात.

खर्चाचे विचाराल तर, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळसे उपचार येतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे. प्रथम गावचे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे तिशीपुढील माणसांचे तोंड, स्तन व गर्भाशयमुख तपासण्याची योजना आहे, आशाताईंना विचारावे. मग यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्यापुढे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. मुंबईपर्यंत धावण्याचे दिवस पुष्कळ अंशी सरले. ज्यांना नागपूरला जाण्यास सोबत नाही, त्यांनी आमच्याकडे नाव द्यावे. मंडळातील तरुण पाळीपाळीने जातील असे त्यांनी कबूल केले आहे.

आज शाळेच्या पडवीत दोन डॉक्टर बसल्या आहेत. बायकांची तपासणी आतल्या खोलीत, पडद्याआड, बाई डॉक्टरांकडूनच होईल. पुरुषांची तोंडे पडवीत पाहिली जातील. जेवणाची पंगत त्यानंतर आहे, म्हणून कोणी घाई करू नये. ज्यांच्या गालात या क्षणी खर्रा आहे, आणि असे चार-पाच जण आम्हांस येथून दिसत आहेत, त्यांनी आधी नळावर जाऊन चूळ भरावी आणि मग रांगेत उभे राहावे.