ज्योतीवरची काच

लखनौहून फैजाबादच्या, म्हणजे आताच्या अयोध्येच्या, रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर चिनहट लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नाव ३० जून १८५७ या दिवसामुळे ठाऊक असते. सर हेन्री लॉरेन्सच्या फौजेची त्या दिवशी येथे दाणादाण उडाली आणि लखनौच्या रेसिडेन्सीभोवती वेढा पडला. संसारी माणसाला मात्र चिनहट आठवते ते मातीच्या भांड्यांमुळे. हिरव्या आणि तपकिरी रंगाची, साध्या रेघांच्या नक्षीची ही भांडी. १९५७ साली उत्तर प्रदेशाच्या नियोजन संशोधन व कृती संस्थेने येथे कुंभारकामाच्या शिक्षणाचा उपक्रम सुरू केला आणि पाहता पाहता त्या गावाचे नाव एका कलेचे नाव होऊन बसले. पुढे तो सरकारी उद्योग तोट्यात गेला, बंद पडला. लखनौ शहर वाढत वाढत चिनहटच्या पलीकडे गेले.

चिनहटच्या भांड्यावरची ती चकचकीत झिलई म्हणजे दुसरे काही नसून मातीच्या अंगावर वितळून बसलेली काचच होय. सुमारे बाराशे अंशांच्या उष्णतेत ती जन्माला येते. म्हणजे काचेचे आणि या गावाचे नाते जुळायला फार लांब जावे लागत नाही. आज अशा एखाद्या घरात, मागच्या अंगणातल्या खोलीत, कोणी हौशी किंवा पोटार्थी कारागीर भट्टीऐवजी ज्योतीवर काच वितळवू म्हणाला, काचेचे मणी, लोलक, लहान अत्तरदाण्या करू म्हणाला, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न काचेचा नसतो. काचेच्या कांड्या पैसे मोजले की मिळतात. प्रश्न असतो अग्नीचा. तो अग्नी घरात आणायचा कसा आणि घर शाबूत ठेवायचे कसे, हा.

आपल्याकडे काच म्हटली की मोठ्या भट्ट्याच डोळ्यांपुढे येतात. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. घरोघरचा एकेक पैसा जमवून उभा राहिलेला तो उद्योग. तेथे ईश्वरदास वार्ष्णेय यांनी काचविद्या शिकवली आणि पुढे उत्तर प्रदेशातच बहजोई येथे काचेचा कारखाना काढला. महाराष्ट्राच्या आणि उत्तरेच्या काचेचा धागा असा एका माणसाच्या हातून ओवला गेला आहे. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना मांडला आणि प्रभाकर कंदील खेडोपाडी गेला. या साऱ्या कारखान्यांत भट्टी धगधगायची ती रात्रंदिवस, कारण वितळलेली काच एकदा थिजली की भट्टीच निकामी व्हायची. ज्योतीवरच्या काचकामाचे तसे नाही. येथे ज्योत पेटवावी, दोन तास काम करावे, विझवावी आणि जेवायला जावे. घरगुती धंद्याला हे फार सोयीचे. हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरात काचेचे मणी करण्याचा व्यवसाय घराघरांतून चालत आला आहे तो काही उगाच नव्हे.

इंधनाचा इतिहासही याच प्रदेशात बदलला. ताजमहालाचा संगमरवर धुराने काळवंडतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातल्या कारखान्यांना दगडी कोळसा सोडून नैसर्गिक वायू घेण्याचा आदेश दिला. फिरोझाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्यांना तेव्हा वायूची ओळख झाली. घरातल्या कारागिराला मात्र नळातून येणाऱ्या त्या वायूपेक्षा सिलिंडरच अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातला दाब त्याला हवा तसा वापरता येतो.

स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तो वायू एकच नसतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन या दोघांची मिसळ असतो. दोघांचे स्वभाव भिन्न. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवर उकळतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो. लखनौच्या जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरला की ब्युटेन आळसावतो, सिलिंडरातला दाब घटतो. शिवाय प्रोपेन आधी उडून जातो आणि सिलिंडर सरत आला की मागे जड ब्युटेन उरतो. ज्योत पहाटे मंद का झाली, म्हणून कारागीर बर्नरचे तोंड साफ करीत बसतो. दोष त्या बिचाऱ्या बर्नरचा नसतो. परदेशी पुस्तकांत सर्वत्र शुद्ध प्रोपेनच सांगितलेला असतो, तो आपल्याकडे किरकोळ ग्राहकाला सहसा मिळत नाही. मिश्र वायूवरही काम उत्तम होते, एवढे त्याने धरून चालावे.

स्वयंपाकाचा १४.२ किलोंचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणे कायद्याने निषिद्ध आहे. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. पण स्वयंपाकघरातून सिलिंडर ओढून कामाच्या खोलीत नेणारा माणस नियम तर मोडतोच, वर शेगडीचा रेग्युलेटरही बरोबर नेतो, आणि तेथे त्याचे काम अडते. शेगडीचा रेग्युलेटर जेमतेम तीनशे मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब देतो. ऑक्सिजनच्या बर्नरला तो पुरत नाही. त्यासाठी १९ किलोंचा व्यापारी सिलिंडर घ्यावा आणि त्यावर दाब कमीजास्त करता येणारा, घड्याळ असलेला रेग्युलेटर बसवावा. लहान बर्नरला चौरस सेंटिमीटरला पाव ते अर्धा किलो एवढाच दाब लागतो. जास्त दाबाने काच लवकर वितळेल ही समजूत खोटी. ज्योत फक्त फुरफुरते आणि मणी काजळतो.

नळीकडे लोक फारसे पाहत नाहीत, आणि निम्मे अपघात नसले तरी निम्मी चिंता तेथेच असते. वेल्डिंगच्या दुकानात ॲसिटिलिनसाठी जी रबरी नळी मिळते ती या वायूला चालत नाही. प्रोपेन आणि ब्युटेन साध्या रबराला हळूहळू खाऊन टाकतात. भारतीय मानकाची खूण असलेली, याच वायूसाठी बनवलेली नळी घ्यावी, तारेने आवळू नये, पट्ट्याने घट्ट करावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की धडधाकट दिसली तरी टाकून द्यावी. ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर बसवावेत. बर्नर घ्यायचा तो शक्यतो ज्याच्या तोंडाशीच वायू आणि ऑक्सिजन एकत्र येतात असा. आत मिसळणाऱ्यापेक्षा तो पुष्कळ निर्धोक.

सिलिंडर कोठे ठेवावा? बाहेर. हे उत्तर एका शब्दाचे आहे, परंतु त्यामागचे कारण समजले म्हणजे माणूस ते विसरत नाही. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळलेला वायू वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, पायरी उतरतो, मोरीत, गटारात, तळघरात जाऊन साठतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास झाले की एक ठिणगी पुरते. मुळात त्याला वासही नसतो. आपल्या नाकाला खबर मिळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. तेव्हा सिलिंडर अंगणात, सावलीत, मोरीच्या तोंडापासून दूर, भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा. आडवा कधीही नाही, कारण आडव्या सिलिंडरातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि द्रवाचा प्रत्येक थेंब अडीचशे पटींहून अधिक वायू होऊन पसरतो. भिंतीतून आत नेलेल्या नळाला कारागिराच्या हाताशी एक बंद करण्याची कळ असावी.

ऑक्सिजनचे शास्त्र निराळे. त्याच्या सिलिंडरात दाब दीडशे किलोंच्या घरात असतो, आणि त्याच्या तोटीला तेलाचा किंवा ग्रीसचा बोट लागले तरी ते आपोआप पेटू शकते. सायकलच्या दुकानातली तेलाची बुधली या खोलीत नसलेली बरी. हल्ली हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेवरचे यंत्र मिळते; मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या यंत्रावर मण्यांचे काम भागते. अशा ज्योतीला तासाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वायू लागतो, म्हणजे एक व्यापारी सिलिंडर दीडशे तास पुरावा. ज्योत फार मोठी केली तर मात्र सिलिंडरावर दव, मग हिम धरते. अशा वेळी त्याला निखाऱ्यांनी शेकणारे महाभाग आढळतात. त्यापेक्षा दोन सिलिंडर एका नळीला जोडावेत.

खिडकीसमोर बसून काम करणे पुरेसे नाही. ज्योत अपुऱ्या हवेत जळली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला फक्त झोप येते. ज्योतीच्या वर हवा बाहेर खेचणारा पंखा हवा आणि समोरून किंवा जमिनीलगत ताजी हवा आत यायला वाट हवी. थंडीत कारागीर खिडक्या लावून घेतो, आणि काम सर्वांत धोक्याचे होते ते नेमके तेव्हाच. डोळ्यांसाठी डिडिमियम काचेचा चष्मा लागतो. काचेतल्या सोडियमची पिवळी झळाळी तो गाळतो आणि लाल झालेला मणी स्पष्ट दिसतो.

नवा सिलिंडर जोडला की प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती शोधण्याची रीत अजूनही काही ठिकाणी आहे. तिला रीत म्हणू नये. पेटवताना वायू आधी सोडावा, मग ऑक्सिजन. विझवताना ऑक्सिजन आधी बंद, वायू शेवटी. मग अंगणात जाऊन सिलिंडरची तोटी बंद करायची आणि नळीत उरलेला वायू जाळून टाकायचा. तयार झालेला मणी तोपर्यंत विजेच्या लहान भट्टीत गेलेला असतो. साधी सोडा काच असेल तर पाचशे अंशांच्या आसपास, बोरोसिलिकेट असेल तर साडेपाचशेच्या वर. तेथून तो तासातासाने निवत राहतो आणि सकाळी हाताला कोमट लागतो.