साडेचार टनांच्या आतलं जेट

आमच्या थेरगावात एखाद्या वर्कशॉपवरून जाताना लेथवर फिरणाऱ्या जॉबचा आवाज ऐकू येतो. आज मी अतिहलक्या जेटबद्दल बोलणार आहे, आणि त्याची गोष्ट या आवाजापासून फार लांबची नाही.

अतिहलकं जेट म्हणजे साधारण साडेचार टनांच्या आतलं, चार-सहा प्रवाशांचं, एकट्या वैमानिकाला उडवता येईल असं विमान. मोठी जेट कधीच आली, मग हे छोटं इतकं उशिरा का आलं? अडचण इंजिनाची होती. इंजिन लहान केलं, तरी पात्यांची टोकं आणि भोवतीचं कवच यांच्यातली फट त्याच प्रमाणात लहान होत नाही. तिथून दाबाची हवा निसटते आणि इंधन वाया जातं. ज्याने बोअर मायक्रॉनमध्ये मोजला आहे, त्याला हे लगेच कळेल.

अमेरिकेतलं एक्लिप्स ५०० हे असं जेट २००२ मध्ये पहिल्यांदा उडालं, पण त्याचं इंजिन कमी पडलं. कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन बसवून प्रमाणपत्र मिळेपर्यंत २००६ उजाडलं. मला या विमानातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेल्डिंगची. फिरतं टूल पत्र्यांच्या सांध्यात दाबायचं. घर्षणाने धातू वितळत नाही, मऊ होऊन एकमेकांत मिसळतो. हजारो रिव्हेट वाचले. तरीही २००८ मध्ये एक्लिप्स बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. सिरस या कंपनीने पुढे आपल्या जेटला एकच इंजिन ठेवलं आणि अख्ख्या विमानाला पॅराशूट दिलं. त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. ते जेट नव्हे, पंख्याचं. २०१६ मध्ये ते मुंबईत लोकांनी पाहिलं, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७चा नोव्हेंबर आला. विमान बांधण्याइतकंच ते सुरक्षित आहे हे सिद्ध करणं अवघड, आणि ते तसंच असायला हवं.

नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरात फाल्कन २००० या बिझनेस जेटचे पुढचे भाग तयार होतात. अख्खं विमानही तिथेच जुळवायचं, असं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. पहिलं २०२८ पर्यंत द्यायचं आहे. ते हलकं नाही, चांगलं एकोणीस टनांचं आहे. पण असलं काम आमच्या गल्लीत यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी माप साधून भागत नाही. हा तुकडा कोणत्या हीट नंबरच्या, म्हणजे धातूच्या कोणत्या ओताच्या, सळीतून कापला, कोणत्या मशीनवर फिरला, कोणी तपासला, ही नोंद विमान उडत असेपर्यंत सापडली पाहिजे.