हुशार मुलाचे गुरुजी



बेंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. 'बसव' म्हणजे नंदी आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. एकाच शिळेतून कोरलेला तेथील प्रचंड नंदी पुष्कळांनी पाहिला असेल. कार्तिकातल्या शेवटल्या सोमवारी या देवळापुढच्या रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला 'कडलेकायी परिषे' म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस शेंगांचे ढीग लागतात आणि लहानथोर पिशव्या भरभरून घरी नेतात. निवृत्त होऊन मुलाकडे राहावयास आल्यापासून ही जत्रा मी एकदाही चुकविलेली नाही. शेंगांची आवड हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जरा दुरून सांगावे लागेल.

माझी सारी नोकरी महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांतून झाली आणि त्यातली बरीच वर्षे माझ्याकडे चौथीचा वर्ग असे. त्या काळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीत व सातवीत होई. २०१७ सालापासून ती पाचवीत व आठवीत होऊ लागली. एका वर्षी माझ्या वर्गात एक विलक्षण हुशार मुलगा आला. सव्वीस गुणिले सदतीस म्हणताच तो 'नऊशे बासष्ट' म्हणे. मी त्याचे काय केले? तपासणीस साहेब आले की त्याला उभा करी. स्नेहसंमेलनात त्याच्या तोंडी हिशेबांचा कार्यक्रम ठेवी. एरवी तो आपले गणित आधी संपवी, म्हणून बाकीच्यांच्या वह्या तपासण्याचे काम त्याच्याकडे देई. यात माझी सोय किती होती आणि त्याचे हित किती होते, हा विचार तेव्हा मनास शिवलाही नाही.

एकदा मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला व म्हणाला, "गुरुजी, एक आणि तीन चार. त्यांत पाच मिळवले की नऊ. सात मिळवले की सोळा. म्हणजे बे दुणे, तीन त्रिक, चार चोक. पुढेही तसेच येते. मी पार शंभरापर्यंत करून पाहिले. असे का होते?"

मी म्हणालो, "परीक्षेत हे येत नाही. सराव कर."

त्याला शिष्यवृत्ती मिळाली. शाळेत पेढे वाटले गेले व माझेही कौतुक झाले. परंतु त्यानंतर त्या मुलाने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी सांगे ते तो बिनचूक करी, एवढेच. वर्गात साठ मुले होती, ही माझी अडचण खरी होती. पण त्या दिवशी लागणारी पाच मिनिटे माझ्यापाशी नव्हती असे काही मला म्हणता येत नाही.

गणिती गाऊस याची बालपणीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. एकापासून शंभरापर्यंतच्या संख्यांची बेरीज त्याने क्षणात केली, अशी ती कथा. ती सांगताना आपण मुलाची चलाखी तेवढी सांगतो. त्याच शाळेत मार्टिन बार्टेल्स नावाचा एक मदतनीस होता, हे सहसा कोणी सांगत नाही. तो गाऊसहून अवघा आठ वर्षांनी मोठा. तो या मुलाजवळ बसला आणि दोघे मिळून गणिताची पुस्तके वाचू लागले. हाच बार्टेल्स पुढे रशियातील काझान येथे प्राध्यापक झाला व तेथे लोबाचेव्हस्की त्याचा विद्यार्थी होता. दोन असामान्य विद्यार्थी एकाच माणसाच्या हाताखालून गेले, याला मी निव्वळ योगायोग मानावयास तयार नाही.

बेंगळुरातच १९२९ साली शकुंतलादेवींचा जन्म झाला. वडील सर्कशीत काम करीत. शाळेचे रीतसर शिक्षण मुलीला जवळजवळ लाभलेच नाही. लहानपणापासून ती लोकांपुढे हिशेबांचे प्रयोग करू लागली आणि १९८० साली लंडनमध्ये तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार तिने २८ सेकंदांत केला. या बुद्धीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. तरीही मनात येते, की प्रेक्षक तिला हजारोंनी मिळाले. जवळ बसणारा एखादा बार्टेल्स मिळता तर?

बसवनगुडीच्या मातीला मात्र प्रश्न विचारणाऱ्यांचे वावडे नाही. होसूर खेड्यातला गरीब घरचा एक मुलगा १९३५ साली पायी चालत बेंगळुरास आला व येथील नॅशनल हायस्कुलात दाखल झाला. तेच डॉ. एच. नरसिंहय्या. पुढे ते येथल्याच नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले, प्राचार्य झाले, बेंगळूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण राहिले ते वसतिगृहातल्या खोलीतच. १९६२ साली त्यांनी बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. त्याच वर्षी पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. संस्था असाव्यात, हव्यातच. पण चौथीतल्या मुलाचा 'का' हा संस्थेच्या दारापर्यंत पोचण्याआधी एखाद्या साध्या गुरुजींच्या टेबलाशी येतो, आणि तेथे जे व्हावयाचे ते होऊन जाते.

आता शेंगांकडे वळतो. आमच्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी आहे. ती मला 'अज्जा' म्हणते. गणितात फार तरतरीत, आणि उत्तर चुकले की रडकुंडीस येणारी. कारण चुकण्याची तिला सवयच नाही. गेल्या परिषेच्या शेंगा सोलीत आम्ही ओसरीवर बसलो होतो. मी एक दाणा ठेवला. त्याच्या दोन बाजूंना सुताराच्या गुण्यासारखे तीन दाणे लावले. दोन-दोनांचा चौकोन झाला. त्याभोवती तसेच पाच लावले, मग सात. मी बोललो काहीच नाही. ती बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, "अज्जा, दर वेळी दोन्ही टोकांना एकेक दाणा वाढतो. म्हणून दोन जास्त लागतात."

त्या मुलाचे उत्तर असे मला ओसरीवर मिळाले. त्याला ते देण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती लाकडी ठोकळे घेऊन आली. चौकोन उंचीलाही तेवढाच करावयाचा तर किती ठोकळे वाढवावे लागतील, हा तिचा प्रश्न. मला तो जन्मात सुचला नव्हता. पहिल्या खेपेस तिने चुकीचे मोजले व डोळ्यांत पाणी आणले. मी म्हणालो, "मीही चुकलो, माझेही सहाच आले." मग दोघांनी पुन्हा मोजले. एकानंतर सात लागतात, मग एकोणीस, मग सदतीस. "सहा, बारा, अठरा," ती ओरडली, "सहाचाच पाढा वाढतोय! का?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "बसून पाहू."

चार-चारांच्या ढिगाला चौसष्ट ठोकळे हवेत. तिच्याकडे चाळीसच आहेत. उरलेल्या चोविसांसाठी तिच्या आईकडे साखरेच्या वड्या मागावयाच्या, असे आमचे ठरले आहे.