न्यायाच्या कागदांची एकभाषा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नागपूर येथे केलेले भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकू येते. तथापि ज्याला ती चढावीच लागते, त्याचे भाग्य कित्येकदा कायद्याइतकेच कागदावरही अवलंबून असते. मंडळाने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा पोलीस ठाणे, न्यायालय, प्रयोगशाळा आणि कारागृह यांच्यामधून फिरणाऱ्या या कागदाविषयी आणि तो सांभाळणारी माणसे शिकवून तयार करण्याविषयी चार शब्द निवेदन करावे, असे आम्ही ठरविले.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका तरुणास जामीन मंजूर झाला. मुचलका झाला, जामीनदार उभा राहिला. परंतु आदेशात वडिलांचे नाव 'विठ्ठलराव' आणि कारागृहाच्या नोंदीत 'विठोबा'. दोन्ही नावे एकाच गृहस्थाची, हे साऱ्या गावास ठाऊक. नोंदवहीस मात्र ठाऊक नव्हते. दुरुस्त आदेश येईपर्यंत तो मुलगा दोन रात्री आतच राहिला आणि त्याची आई दाराबाहेर झाडाखाली बसून राहिली. यात कोणाचा द्वेष नव्हता. लिपिकाने नियम पाळला, एवढेच. दोन दप्तरे एकमेकांची भाषा जाणत नव्हती.

असे प्रसंग एकट्यादुकट्याचे नाहीत. जुलै २०२१ मध्ये आग्रा येथील कारागृहातील बंदी सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही वेळेवर सुटले नाहीत. तेव्हा न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यातून आदेश सुरक्षितपणे विद्युत्-मार्गाने पोहोचविणारी 'फास्टर' ही व्यवस्था ३१ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने असे निर्देश दिले की, जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी कारागृहामार्फत बंद्यापर्यंत पोहोचावी. आणि सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे.

पोलीस ठाणी एका जाळ्याने जोडण्याची 'सीसीटीएनएस' योजना केंद्र सरकारने २००९ साली मंजूर केली. त्यानंतर पोलीस, न्यायालय, कारागृह, अभियोग आणि न्यायसहायक प्रयोगशाळा यांस एकत्र गुंफणाऱ्या 'आयसीजेएस' व्यवस्थेच्या दुसऱ्या टप्प्यास २०२२ साली ३,३७५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. माहिती एकदाच नोंदवावी आणि सर्वांनी ती वापरावी, हे तिचे सूत्र होय. पण तारा जोडल्याने मने जुळत नाहीत, तशीच दप्तरेही जुळत नाहीत. नाव कोणत्या क्रमाने लिहावे, तारखेत दिवस आधी की महिना, 'अटक' म्हणजे नेमका कोणता क्षण, याविषयी आधी एकमत लागते. या एकमतासच प्रमाणक म्हणतात. अमेरिकेत २००५ साली 'नाइम' या नावाने याच कामाचा आरंभ झाला, आणि तेथेही प्रथम शब्दांचे अर्थ ठरवावे लागले.

एक उदाहरण पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वी खुनाचे कलम ३०२ होते. आता ते १०३ आहे. फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ आले. नव्या संहितेतही ३०२ कलम आहेच. परंतु ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दोच्चाराचे आहे! त्या दिवसापूर्वीच्या गुन्ह्यांस जुनीच कलमे लागत असल्याने दोन्ही आकडे अजून न्यायालयांत वावरत आहेत. संहितेचे नाव न लिहिता नुसते '३०२' नोंदविले, तर यंत्राने काय समजावे? शब्द बोलणाऱ्याच्या माथी खून बसावयास वेळ लागणार नाही.

यास्तव प्रशिक्षणाची निकड आहे. पूर्वीची चूक एका वहीत पडून राहत असे. आताची चूक क्षणात पाच दप्तरांत जाते. निर्दोष सुटलेल्या मुलाची सुटका पोलिसांच्या नोंदीत उतरली नाही, तर नोकरीच्या चारित्र्य-पडताळणीत तो आरोपीच राहतो. म्हणून ठाणे अंमलदार, पैरवी अधिकारी, सरकारी अभियोक्ता, न्यायालयाचा व कारागृहाचा लिपिक, प्रयोगशाळेचा सहायक या सर्वांस केवळ कळ दाबणे शिकविणे पुरेसे नाही. नोंद कशी पडताळावी, चूक कशी सुधारावी आणि कोणती माहिती कोणास दाखवू नये, हेही शिकविले पाहिजे. आमच्या मते उत्तम पाठ म्हणजे एक कल्पित खटला या सर्व जणांच्या हातून एकाच खोलीत फिरवावा, आणि नाव कोठे बदलले ते त्यांनीच शोधावे.

हे काम आपल्या देशास परके नाही. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी हेन्रीसाहेबांच्या नावाने जगभर गेली. पण ती सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. ठसे तर पूर्वीही घेत; ते सर्वांस एकाच रीतीने लावता आले, तेव्हाच उपयोगी पडले.

नागपुरास तर याचे सारे साहित्य हाताशी आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, मध्यवर्ती कारागृह, प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, पोलीस प्रशिक्षण विद्यालय, विधी विद्यापीठ, हे सारे एकाच शहरात. आपल्या मुलामुलींनी विधी आणि संगणक या दोन्ही विद्या जोडीने अभ्यासाव्यात, आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीत अशा विद्यार्थ्यांस स्थान असावे, ही आमची विनंती आहे. घरोघरी एक साधे कामही व्हावे: शाळेचा दाखला, आधार आणि सात-बारा यांवर आपले व वडिलांचे नाव एकसारखे आहे ना, हे या दिवाळीपूर्वी पाहून घ्यावे.

आपल्या शहरातील शून्य मैलाच्या दगडावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. सर्वांनी एकाच ठिकाणाहून मोजले, म्हणून ती अंतरे एकमेकांशी जुळतात. न्यायाच्या दप्तरांसही असा एक दगड हवा आहे, आणि तो जपणारी शिकलेली माणसे हवी आहेत. ती आपल्या घरांतून निघोत, म्हणजे पुन्हा कोणा आईस कारागृहाबाहेर झाडाखाली दोन रात्री काढाव्या लागणार नाहीत.