पोलीस शिपायाचे काम आणि त्याचे शिक्षण



आपल्या वस्तीतील कितीतरी मुले-मुली पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करताना दिसतात. धावणे आणि गोळाफेक यांचा सराव चालतो. मैदानी चाचणीला ५० व लेखी परीक्षेला १०० गुण असतात. ही तयारी अवश्य करावी. परंतु अंगावर वर्दी चढल्यावर हाती कोणते काम येते, याचाही विचार आपण आजच केला पाहिजे.

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. ग्राहकाला चेअरमन कधी भेटत नाही. त्याच्या दृष्टीने काउंटरवरचा कारकून म्हणजेच बँक. पोलीस ठाण्यातही तसेच आहे. संकटात सापडलेला माणूस प्रथम ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी येतो. तेथे बहुधा हवालदार बसलेला असतो. बंदोबस्त, गस्त, समन्स बजावणे, आरोपीला न्यायालयात नेणे यांनी थकलेला तोही माणूसच असतो. पण तो काय ऐकतो व काय लिहितो, यावर पुढचा सारा खटला उभा राहतो. आमच्याकडील चुकीची नोंद संध्याकाळी हिशेब जुळवताना सापडते आणि दुरुस्त होते. फिर्यादीत राहून गेलेली महत्त्वाची गोष्ट मागाहून जोडली, तर न्यायालयात तिच्याकडे संशयाने पाहिले जाते.

आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. पहिली नोंद मात्र ठाण्यातच होते. जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा सिद्ध होण्यासाठी तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडावा लागतो. घटना कोठे घडली, कोण हजर होते, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, हे फिर्यादीत आले नाही तर खरा खटलाही कोसळू शकतो. म्हणूनच २०१५ च्या दुरुस्तीने तोंडी फिर्याद लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे आणि फिर्यादीची प्रत देणे ही कर्तव्ये कायद्यातच स्पष्ट लिहिली.

शिपायाने हुकूम पाळावा, विचार करू नये, अशी घडण इंग्रजी अमदानीत झाली. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांच्या प्रश्नाला हात घातला. शिपायाला स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेता यावा असे शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. कवायत आणि शस्त्रे यांची गरज आहेच. पण रडत आलेल्या बाईचे म्हणणे शांतपणे ऐकून ते क्रमवार लिहिणे, हेही शिक्षणाचेच काम आहे.

२०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. प्राथमिक चौकशीला मुभा आहे ती ठरावीक प्रकरणांतच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही आणि फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सभासदांनी हे घरोघर सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, आमची एक सूचना आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसा. एकाने घडलेली घटना सांगावी, दुसऱ्याने ती लिहून काढावी आणि मोठ्याने वाचून दाखवावी. वेळ, जागा, माणसे आणि शब्द जसेच्या तसे आले की नाही, ते सांगणाऱ्याने तपासावे. आपल्यापैकी काहीजण उद्या त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसतील, बरेचजण बाहेरच्या बाजूला उभे राहतील. हा सराव दोघांच्याही उपयोगी पडेल.