लाकडाचे पुणे, मातीचे पुणे

पुण्यात मुठेवर लकडी पूल म्हणून जो पूल आहे, त्यात लाकडाची एक फळीसुद्धा नाही. तो दगडी बांधणीचा आहे. महापालिकेच्या दफ्तरी त्याचे नाव संभाजी पूल असे आहे. आणि तरीही प्राध्यापकांपासून रिक्षावाल्यापर्यंत सारे त्याला लकडी पूलच म्हणतात. पानिपतच्या पराभवानंतर, म्हणजे १७६१ साली, ह्या जागी घाईघाईने लाकडी पूल उभारण्यात आला अशी परंपरा आहे. पुढच्या शतकात तो पुराने नेला, त्याच्या जागी दगडी पूल आला, आणि लाकूड गेले तरी लाकडाचे नाव मागे राहिले.

जगात चमत्कारिक पदार्थांची घरे पुष्कळ आहेत. स्वीडनच्या उत्तरेस युकासयार्वी येथे १९९० च्या सुमारापासून दर हिवाळी नदीच्या बर्फाचे अतिथिगृह बांधतात आणि वसंत ऋतूत ते वितळून नदीला परत मिळते. बोलिव्हिया देशात उयुनीच्या खाऱ्या मैदानाकाठी मिठाच्या चिऱ्यांच्या भिंती आहेत. ही वर्णने वाचून पुणेकर विस्मित होतो. परंतु ज्या गावात तो राहतो, त्या गावाचा जुना भाग कशाचा बांधलेला आहे हे त्याला विचारले, तर तो बहुधा ‘दगडविटांचा’ असे उत्तर देईल. ते उत्तर फारसे खरे नाही. पेठांतले पुणे प्राधान्याने सागवानाचे, पांढऱ्या मातीचे आणि गूळ घातलेल्या चुन्याचे होते.

ह्यात नवल असे की पुणे काळ्या पाषाणावर वसलेले आहे. दगडाला तोटा नाही. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे लेणे सुमारे आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळी, त्याच पाषाणात कोरून काढलेले आहे. तेथे बाहेरून काहीच आणलेले नाही. जे नको होते ते काढून टाकले आणि जे राहिले ते देऊळ झाले. पण हा पाषाण अत्यंत कठीण. त्याचा एकेक चिरा टाकीने घडवायचा म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यासारखे जाणार. म्हणून दगड देवळांना, घाटांना, तटांना आणि घराच्या जोत्याला. त्यावरचे सारे घर लाकडाचे आणि मातीचे, अशी वाटणी ह्या प्रांताने करून ठेवली.

शनिवारवाडा हे ह्या वाटणीचे सर्वांत मोठे उदाहरण होय. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये झाला असे सांगतात. सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या बाजूने आला. तटाच्या खालच्या भागात दगड आणि वर विटा का, ह्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. दगडी कोट बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, पेशव्याचा नव्हे, अशी तक्रार साताऱ्यास गेली आणि शाहू महाराजांनी दगडाचे काम थांबविले, असे ती कथा म्हणते. कथा रंगतदार आहे. परंतु जो वाडा दोन वर्षांत उभा राहिला, त्याला दगडावर अडून बसणे परवडणारेच नव्हते, हे साधे कारणही नजरेआड करू नये.

सामान्य गृहस्थाचा वाडा ह्याच रीतीने, लहान प्रमाणावर, बांधीत. प्रथम काळ्या दगडाचे जोते. जोत्यावर खांबाच्या जागी दगडी तळखडे; खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर उभा करावयाचा, म्हणजे ओल आणि वाळवी त्याच्या पायाशी येत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, म्हणजे कडीपाटाचा तक्तपोशी माळा. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणावयाचे, आणि घर किती मोठे हे खणांत मोजावयाचे. साऱ्या घराचा भार हा लाकडी सांगाडा वाहतो. भिंत ही वस्तुतः आडोसा. म्हणूनच ती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची असली तरी चालत असे.

ह्या पांढऱ्या मातीची योग्यता मोठी आहे. मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोनच भाग मानीत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत एका वर्षात तडकेल. जुन्या वस्तीच्या जागेवरची चिकट पांढरी माती मात्र भिंतीला बसते. ज्या मातीची घरे होत, त्या मातीच्या रंगानेच गावाच्या वस्तीला नाव मिळावे, ह्यापरते बांधकामाच्या सामानाचे माहात्म्य कोणते? देशावरच्या कित्येक गढ्या ह्याच मातीच्या आहेत, आणि छप्पर उडाल्यावरही त्यांचे बुरूज वर्षानुवर्षे उभे असतात.

चुन्याचा प्रकार तर स्वयंपाकघराशी नाते सांगणारा. चुनखडी भाजून, विरवून, वाळूसह घाणीत मळावयाची. ही घाणी म्हणजे गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. मळता मळता त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, कोठे उडदाचे पीठ, कोठे तागाचे तंतू घालीत. एका गवंड्याचा पाठ दुसऱ्याशी जुळत नसे. सुशिक्षितांनी ह्याला पुष्कळ दिवस भोळसटपणा समजून हसून घेतले. आता रसायनशास्त्र असे सांगते की साखरेच्या योगाने चुना पाण्यात अधिक विरघळतो. तंतू भेगा आवरतात. चीनमध्ये मिंग राजवटीत नगरांच्या तटांत आणि मोठ्या भिंतीच्या काही भागांत चिकट तांदळाची पेज चुन्यात घालीत असत. त्या तांदळातील पिष्टमय द्रव्यामुळे चुन्याचे स्फटिक अतिसूक्ष्म आणि घट्ट बनतात, असे झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखविले. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पुढे आणले. त्या तंतूंनी कीड दूर राहिली असावी असा त्या अभ्यासकांचा तर्क आहे. तेव्हा बेलफळ घालणारा पुण्याचा गवंडी अगदीच एकटा नव्हता.

परंतु प्रत्येक सामानाला एक वैरी असतो. बर्फाला ऊन, मिठाला पाऊस, लाकडाला अग्नी. शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. आतील महाल, दिवाणखाने, कोरीव खांब, सारे गेले. दगडी जोती, तट आणि दरवाजे उरले. आज तिकीट काढून आत जाणारा प्रवासी जे हिंडून पाहतो, तो वाडा नव्हे, वाड्याचे जोते होय. लाकडाचा वाडा कसा दिसत होता ह्याची थोडी कल्पना दिल्ली दरवाज्यावरील नगारखान्यावरून येते. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा असाच जळून नाहीसा झाला आणि विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग त्याच वेळी जळाला. विश्रामबागेची दर्शनी बाजू, सुरूच्या आकाराच्या सागवानी खांबांची, सुदैवाने वाचली. दुसऱ्या बाजीरावाच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या खांबांपुढे उभे राहून त्याच्या अभिरुचीला नावे ठेवता येत नाहीत.

मातीचा वैरी पाणी. ह्याचा दाखला दूर मिसर देशात, वाळवंटातील सीवा नावाच्या मरूद्यानात आहे. तेथे मीठमिश्रित चिखलाचे, एकावर एक घरे चढविलेले शाली हे किल्ल्यासारखे गाव तेराव्या शतकापासून नांदत होते. तो प्रदेश जवळजवळ पाऊस न पडणारा. म्हणून मिठाची भिंत चालून गेली. १९२६ साली तीन दिवस पाऊस लागला. भिंतींतील मीठ विरघळले, घरे बसली आणि लोक टेकडी सोडून खाली राहावयास आले.

पुण्यावर तो प्रसंग १२ जुलै १९६१ रोजी आला. पानशेतचे नवे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि नारायण, शनिवार, कसबा ह्या पेठांच्या नदीकाठच्या भागांत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेले. दगडचुन्याच्या इमारती बुडून पुन्हा वर आल्या. भेंड्यांचे वाडे मात्र भिजले, आणि पाणी ओसरू लागल्यावर, म्हणजे संकट टळले असे वाटण्याच्या वेळेस, त्यांच्या भिंती खचल्या. भिंत गेल्यावर सागवानी सांगाडा कोठे उभा राहिला, कोठे कलला. घरे गेलेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या विटासिमेंटच्या होत्या हे सांगावयास नकोच. मातीच्या घरावरचा पुणेकरांचा विश्वास त्या एका दिवसाने जेवढा ढळविला, तेवढा शंभर वर्षांच्या इंग्रजी बांधकामखात्याने ढळविला नसेल.

तथापि ह्यावरून माती आणि लाकूड ही दुबळी सामाने ठरवून मोकळे होणे हा अन्याय होईल. धरण फुटणे हा मातीचा दोष नव्हे. पुण्यातील बहुसंख्य वाडे अग्नीने गेले नाहीत आणि पुरानेही गेले नाहीत. ते छपरातून गेले. कौलारू घराला दर वर्षी वैशाखात शाकारणी लागते. फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, कुजका वासा काढावयाचा, पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उतरत नाही ना हे पाहावयाचे. हे काम चार दिवसांचे. पण ते एक वर्ष चुकले तर तुळईच्या टोकाशी ओल जाते, आणि पाच वर्षे चुकले तर तुळई हाताने कुसकरता येते.

हे काम का चुकू लागले, ह्याचे उत्तर बांधकामशास्त्रात नसून कायद्यात आणि कुटुंबात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या मानाने गोठविली. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता. ते भाडे पुढे पन्नास वर्षे जवळपास तेथेच राहील, हे मात्र कोणी योजिले नव्हते. महिन्याला पाचदहा रुपये देणारे बिऱ्हाड सोडावयास भाडेकरू तयार नाही, त्या पाचदहा रुपयांत शाकारणी करावयास मालक तयार नाही, आणि मालक म्हणजे तरी कोण? तीन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर चौदा नावांचा उतारा. अशा स्थितीत छपराने वाट तरी किती पाहावी! आज पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, आणि त्या पिवळ्या भिंतीआड कोणी वृद्ध दांपत्य, जागा सोडली तर हक्क जाईल ह्या भीतीने, गळक्या माळ्याखाली आणखी एक पावसाळा काढते.

आफ्रिकेतील माली देशात जेने येथे मातीची प्रचंड मशीद आहे. सध्याची इमारत १९०७ सालची. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडाची टोके बाहेर आलेली दिसतात. शोभेबरोबरच त्यांवर पाय देऊन वर चढता येते. वर्षातून एक दिवस सारे गाव लोटते, पोरेसोरे चिखल तुडवितात, गवंड्यांची मंडळी वर चढतात आणि मशिदीला नवा लेप बसतो. ती मशीद मातीची आहे म्हणून टिकली नाही आणि मातीची असूनही टिकली असे नाही; तिची शाकारणी चुकली नाही. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर शिगेरू बान ह्या वास्तुशिल्पकाराने कागदी नळ्यांच्या ५८ खांबांवर एक प्रार्थनामंदिर उभे केले. ते तात्पुरतेच होते. दहा वर्षे वापरून झाल्यावर ते सोडवून तैवानात नेण्यात आले, आणि २००८ पासून तेथे, १९९९ च्या भूकंपाने पोळलेल्या ताओमी गावी, ते पुन्हा उभे आहे. कागद एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन नांदतो, आणि पुण्यात शंभर वर्षे मुरलेले सागवान लिलावात निघते.

ते खरोखरच निघते. वाडा पाडला म्हणजे माती ट्रकांतून गावाबाहेर जाते आणि खांब, तुळया, दरवाजे विकले जातात. इतके जुने आणि सुकलेले सागवान आज रानातून मिळणे कठीण, म्हणून त्याला गिऱ्हाईक पुष्कळ. कोण्या उपाहारगृहाच्या दारात, कोण्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, कसलाही भार न वाहता, सदाशिव पेठेतला खांब शोभेसाठी उभा असतो. तळखडा बहुधा बागेत, तुळशीच्या कुंडीखाली.

महापालिकेने विश्रामबागवाड्याची दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा जुन्या कामाला सिमेंट धरत नाही, ते आतली ओल कोंडून लाकूड कुजविते, हा अनुभव सर्वत्र आला होता; म्हणून चुन्याकडे वळावे लागले. नानावाड्याच्या बाबतीतही तेच. चुना मिळतो, गूळ आणि बेलफळे तर मंडईत मिळतात. अडचण पडते ती चुना किती दिवस मुरवावा, आणि थापीला लागलेला हात केव्हा थांबवावा, हे बोटांनी ओळखणाऱ्या गवंड्याची. असे गवंडी आता थोडे आहेत, आणि त्यांची मुले काँक्रीटच्या कामावर जातात. तेथे रोजगार बारमाही असतो.