माहुलीचा संगम आणि पडद्यावरची तलवार

(सांगली येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



साहसकादंबऱ्या आणि त्यांवर आज निघणारे मारधाडीचे चित्रपट, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठी पडली असेल आणि मागे बसलेल्या तरुणांचे चेहरे खुलले असतील. मला मात्र या दोन्ही पक्षांशी थोडे भांडायचे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' प्रदर्शित झाला तेव्हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत काय वातावरण होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लोक सहकुटुंब गेले, मुले बाळबंदी नेसून गेली, चित्रपटगृहात घोषणा झाल्या. शेवटच्या अर्ध्या तासात माझ्या शेजारच्या रांगेतील एक आजोबा उपरण्याने डोळे टिपत होते. एखाद्या मराठी कादंबरीवरून निघालेला हिंदी चित्रपट त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसतो, ही गोष्ट नाक मुरडण्यासारखी खचितच नाही. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९७९ साली आली. तिचे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा लक्षावधी लोकांपर्यंत शंभूराजांचे बलिदान पोहोचले, हे श्रेय दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना दिलेच पाहिजे.

हे श्रेय देऊन मग प्रश्न विचारू. कादंबरीतून पडद्यावर काय आले आणि काय मागे राहिले?

साहसकादंबरी म्हणजे तलवारबाजीचे वर्णन, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. ती खरी नाही. फ्रान्समध्ये १८४४ साली अलेक्झांडर द्यूमाने 'थ्री मस्केटिअर्स' लिहिली, आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली, नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली. या पुस्तकांनी वाचकांना रात्र रात्र जागविले ते तलवारीमुळे नव्हे, तर पेचामुळे. नायक अशा जागी सापडतो की, पुढे जावे तर एक धर्म मोडतो आणि मागे यावे तर दुसरा. तलवार उपसली जाते ती त्यानंतर.

सिंहगडाचेच पाहा. त्या कथेचा कळस कोणता? तानाजी आणि उदेभानाचे द्वंद्व, असे आपण चटकन म्हणतो. परंतु परंपरेने जी कथा सांगितली ती तिथे संपत नाही. सुभेदार पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटतो, ते दोराकडे धावतात आणि दोर आधीच कापलेला असतो. आपली माणसे पळू लागली होती, हे आपल्या पूर्वजांनी लपविले नाही. त्या कबुलीमुळेच कापलेल्या दोराला अर्थ येतो. हरिभाऊंच्या कादंबरीवर कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली मूकपट काढला. बाबूराव पेंटर दिग्दर्शक आणि शेलारमामाच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, शांतारामांनीच 'प्रभात'साठी तो बोलपटात आणला. २०२० सालचा ओम राऊत यांचा 'तान्हाजी' हा या घराण्यातील अगदी अलीकडचा वंशज. हरिभाऊंच्या कल्पनेतून जन्मलेली कमलकुमारी शंभर वर्षांनंतरच्या या चित्रपटातही निराळ्या रूपात भेटते. कादंबरीकाराचे बळ असे असते. इतिहासात नसलेले पात्र तो इतिहासाच्या शेजारी कायमचे बसवून जातो.

इथे एक अवांतर गोष्ट सांगतो. दांडपट्टा हे फेब्रुवारी २०२४ पासून महाराष्ट्राचे राज्यशस्त्र आहे. आपल्याकडच्या आखाड्यांत तो चालविणारे अजूनही आहेत. या शस्त्राची खोबणी कोपरापर्यंत येते, त्यामुळे मनगट वळत नाही. सारे अंग फिरवावे लागते, पायांची जागा सतत बदलावी लागते. त्यामुळे पटाईत माणूस एकटा उभा राहिला तरी भोवतीचे सारे रिंगण त्याच्या ताब्यात येते. हे पाहायला अखंड दृश्य लागते. आजचा साहसपट ते दर दोन सेकंदांनी तोडतो, मधेच गती मंद करतो, आणि उरलेले काम संगणकावर होते. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल यांच्यासारखा कोल्हापूरचा नट स्वतःच्या अंगाच्या चपळाईवर लोकप्रिय झाला होता. तेव्हा साधने तोकडी होती, पण पाते कुठून कुठे गेले हे प्रेक्षकाला दिसत असे. असो.

आता आपल्या घरच्या कादंबरीकडे येऊ. अण्णाभाऊ साठे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता आणि पुढेही १९६० पर्यंत त्याचे नाव 'दक्षिण सातारा' असेच होते, तेव्हा अण्णाभाऊंवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क आहे. त्यांची राजकीय वाट आपल्यापैकी अनेकांना मान्य होणार नाही. परंतु शाळेचे तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलेल्या या माणसाने १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली, राज्य शासनाने तिला पुरस्कार दिला आणि सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी तिचे मनापासून स्वागत केले. इतके उघड साहसाने भरलेले पुस्तक मराठीत दुसरे दाखविणे कठीण. त्यात घोडा आहे, डोंगर आहे, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या वस्तीसाठी फोडलेली धान्याची कोठारे आहेत, इंग्रजांचा लुटलेला खजिना आहे. आणि जन्मानेच गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याची रोजची हजेरी आहे.

पण या कादंबरीचा शेवट आठवा. सरकार वस्तीतील बायकामुलांना कोंडते. ज्याला बंदुकीने जिंकता आले नाही तो फकिरा आपल्या माणसांसाठी स्वतः चालत जाऊन शस्त्र खाली ठेवतो. १९६३ मध्ये या कादंबरीवर मराठी चित्रपट निघाला. 'वारणेचा वाघ'ही १९७० मध्ये पडद्यावर आला. आजच्या पद्धतीने कोणी 'फकिरा' पुन्हा करू म्हटले, तर खजिन्याची लूट वीस मिनिटे चालेल, याविषयी मला शंका नाही. त्या शेवटच्या चालत जाण्याला किती मिनिटे मिळतील, याची मात्र मला धास्ती वाटते. ज्याला कुणीच हरवू शकत नाही असा नायक एकदा उभा केला, की शरण जाण्याचा प्रसंग त्याला पेलत नाही.

'छावा'चे नेमके हेच झाले आहे, असे माझे म्हणणे आहे.

सावंतांच्या कादंबरीत शंभूराजे लहानपणापासून भेटतात. आईविना वाढलेले पोर, आग्र्याचा प्रवास, वडिलांचे मोठेपण, दरबारातील धुसफूस. आणि मग येतो डिसेंबर १६७८. महाराजांनी युवराजांना समर्थांच्या सज्जनगडी पाठविले होते. तेथून ते कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला आले आणि पुढे दिलेरखानाला जाऊन मिळाले. आपल्यातील सातारकर संगम माहुलीला कितीदा गेले असतील! त्या घाटावर उभे राहून, याच ठिकाणाहून छत्रपतींचा पुत्र शत्रूच्या गोटात गेला, हा विचार किती जणांच्या मनात येतो?

पुढचे पर्व आपल्या सांगली जिल्ह्यातील. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखान भूपाळगडावर चालून आला. भूपाळगड म्हणजे खानापूर तालुक्यातील बाणूरगड. बखरीच्या परंपरेप्रमाणे किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे चाकणचा कोट छप्पन्न दिवस लढविणारा तोच म्हातारा. तटावर तोफा सज्ज आहेत, आणि समोर मोगली सैन्यात कोण उभे आहे? आपला युवराज. तोफ डागावी तर धन्याच्या मुलावर, न डागावी तर धन्याचा गड जातो. गड गेला. हाती लागलेल्यांपैकी सातशे जणांचा एकेक हात दिलेरने तोडला, असे इतिहासात नमूद आहे. हे शंभूराजांच्या डोळ्यांदेखत घडले. पुढे तिकोटे आणि अथणी येथे दिलेरच्या फौजेने रयतेची जी दुर्दशा केली, तिने त्यांचा संयम संपला. ते खानाच्या छावणीतून निसटले आणि विजापूरमार्गे डिसेंबर १६७९ मध्ये पन्हाळ्यास पोहोचले. जानेवारीत पिता-पुत्रांची भेट झाली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. म्हणजे ती भेट शेवटचीच.

साहसकथेला याहून मोठा पेच जगातील कोणता लेखक रचून देणार आहे? निष्ठा, अपराध, पश्चात्ताप, पलायन, क्षमा आणि लगेचच कायमचा वियोग. सावंतांनी हे सारे कादंबरीत घेतले. चित्रपट सुरू होतो तो महाराजांच्या निधनानंतर, बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून; आणि तिथे नायक नुसत्या हातांनी सिंहाशी झुंजतो. माहुली नाही, भूपाळगड नाही, फिरंगोजी नाही. अडीच तासांच्या चित्रपटात जाडजूड कादंबरी मावत नाही, हे मला मान्य आहे. परंतु काय ठेवायचे हे ठरवताना सिंह ठेवला गेला.

असे का झाले, याचे उत्तर केवळ चित्रपटवाल्यांकडे नाही, आपल्याकडेही आहे. पूर्वीच्या बखरींनी आणि नाटकांनी संभाजीराजांना व्यसनी, उच्छृंखल ठरवून टाकले होते. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, पुढे डॉ. कमल गोखले यांनी संशोधन केले, आणि तो कलंक पुसला गेला. वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' या १९६२ च्या नाटकात पिता-पुत्रांमधील ताण रंगभूमीवर मांडला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा मराठी प्रेक्षक महाराजांना पित्याच्या रूपात व्यथित झालेले पाहू शकत होता. आज आपण फार हळवे झालो आहोत. 'छावा'तील लेझीमच्या दृश्यावर केवढे वादळ उठले! ते दृश्य प्रदर्शनापूर्वीच काढावे लागले. लेझीमवर आपण कितीतरी दिवस वाद घातला. माहुलीचा अध्याय कुठे गेला, असे विचारणारा एकही मला भेटला नाही.

आपल्यातील कोणी म्हणेल, शत्रूच्या छावणीत गेलेला युवराज मुलांना कशासाठी दाखवायचा? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडल्यानंतर औरंगजेबापुढे जो राजा उभा होता, त्याने मोगलांची मनसब एकदा भोगलेली होती. सात हजारांची मनसब, राजा हा किताब, हत्ती, मानमरातब, हे सारे त्याने आतून पाहिले होते. झुकल्यास काय मिळते, हे त्या छावणीतील कोणत्याही मराठी कैद्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक होते. हे ठाऊक असूनही त्याने नकार दिला, डोळे गेले, जीभ गेली, ११ मार्चला देह गेला, तरी तो वाकला नाही. भूपाळगड वगळला की हा नकार एका अजिंक्य वीराचा सहजधर्म होऊन बसतो. सिंहाचा जबडा फाडणाऱ्याला वेदनेचे काय! भूपाळगड ठेवला की त्या चाळीस दिवसांचे वजन कळते. चित्रपटातील छळाची दृश्ये पाहून आपण रडलो ते देहाच्या यातनांसाठी. त्या माणसाच्या मनात त्या वेळी ते सातशे तुटलेले हात असतील की नाही, हा प्रश्न आपल्याला चित्रपटाने पडूच दिला नाही.

एवढा गुंता सामान्य प्रेक्षकाला झेपत नाही, अशी सबब निर्माते नेहमी पुढे करतात. ती सबब टिकत नाही. 'थ्री मस्केटिअर्स'वर २०११ साली निघालेल्या इंग्रजी चित्रपटात सतराव्या शतकातील पॅरिसवर उडती जहाजे लढताना दाखविली होती. आज त्याची कोणाला आठवणही नाही. याउलट फ्रेंचांनी २०२४ मध्ये द्यूमाच्याच 'काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो'वर जवळजवळ तीन तासांचा चित्रपट काढला. त्यात तलवारी अगदी मोजक्या वेळा निघतात. बाकी सारा वेळ एक अन्याय झालेला माणूस वेषांतर करून सूड घेतो आणि त्या सुडाने स्वतःच पोखरला जातो. एकट्या फ्रान्समध्ये त्याची नव्वद लाखांहून अधिक तिकिटे खपली. फ्रेंच प्रेक्षक काही आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचा नाही. त्याच्या निर्मात्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, इतकेच.

बाणूरगड फार दूर नाही. विट्याहून खानापूरमार्गे जाता येते. गडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे, तिच्यापुढे हात जोडून तटाकडे चला. तट आता ढासळलेला आहे, पण खालचे मैदान तसेच आहे. दिलेरच्या तोफा कुठे असतील आणि युवराजांचे निशाण कुठे असेल, याचा अंदाज उघड्या डोळ्यांनी करता येतो. मुलांनी 'छावा' पाहिलेला असेलच. त्यांना त्या तटावर उभे करून फिरंगोजीची गोष्ट सांगा आणि तुम्ही काय केले असते, असे विचारा. माझ्या ओळखीच्या एका नववीतल्या मुलाने बराच वेळ खाली पाहिले आणि मग मलाच विचारले, "काका, तोफेत दारू भरलेली होती का?"